आईचं पोट दुखतंय, रिपोर्ट मात्र नॉर्मल

वाचकांचे प्रश्न

पोटदुखीवर या वेळी आलेली सगळी पत्रं मुलांची, लेकींची नाहीतर सुनांची आहेत. ज्यांचं पोट दुखतंय त्यांच्यापैकी एकानंही लिहिलेलं नाही. म्हणून उत्तरांत औषधांच्या नावांपेक्षा घरच्या माणसाला काय पाहता येतं, काय विचारता येतं आणि डॉक्टरांपुढं काय घेऊन जाता येतं, यावर भर दिला आहे. पत्रं लांब होती, ती कापून छापतो आहोत.

प्रश्न: आई ६७ वर्षांची, संगमनेरजवळ गावी असते. चार महिन्यांपासून पोट दुखतं. विचारलं की "वाताचं असेल रे" म्हणते आणि ओवा-मीठ चघळते. दोनदा सोनोग्राफी केली, दोन्ही वेळा "ग्रेड १ फॅटी लिव्हर, बाकी नॉर्मल". डॉक्टर गॅस म्हणतात. मला मात्र स्वस्थ बसवत नाही. पुढं काय करू? (पुणे)

उत्तर: आधी सोनोग्राफीचं बघू. ध्वनिलहरी हवेतून नीट पुढं जात नाहीत, आणि जठर-आतड्यांत हवा भरलेली असते. म्हणून या तपासणीत पित्ताशयातले खडे, किडनी, लिव्हर, गर्भाशय चांगलं दिसतं. जठरातला अल्सर दिसत नाही, मोठ्या आतड्याच्या अस्तरावरची लहान गाठ दिसत नाही. स्वादुपिंड तर जठराच्या मागंच दडलेलं. तुमच्याकडचा रिपोर्ट काढा आणि "स्वादुपिंडाचा काही भाग गॅसमुळे दिसला नाही" अशा अर्थाची ओळ आहे का पाहा. ती बऱ्याच रिपोर्टांत असते आणि कुणी वाचत नाही. ती असेल, तर त्या भागाची तपासणी अजून झालेलीच नाही. सोनोग्राफीला जाताना ६ ते ८ तास उपाशी होत्या का, हेही विचारा. चहा-बिस्किट खाऊन गेलं की पित्ताशय आकसतं आणि खडा निसटू शकतो.

फॅटी लिव्हरचं म्हणाल, तर ते आजकाल बऱ्याच रिपोर्टांत सापडतं. सहसा त्यानं पोट दुखत नाही. त्यासाठी वजन, साखर बघायची ती बघा, पण चार महिन्यांच्या दुखण्याचं कारण म्हणून त्याच्यावर थांबू नका.

तिसरी सोनोग्राफी करण्याआधी दोन आठवडे एक वही ठेवा. दुधाच्या हिशेबाची असते तशी चालेल. कधी सुरू झालं, किती वेळ टिकलं, त्याआधी काय आणि किती वाजता खाल्लं, झोपेतून जाग आली का, कशानं थांबलं, शौचाला कशी झाली, एवढंच लिहायचं. नोंद अशी हवी: "मंगळवार. रात्री १० ला सुरू, १ पर्यंत सलग. ८ ला पुरणपोळी-तूप. उजव्या बरगडीखाली, मागं पाठीत उजव्या खांद्याखाली. एकदा ओकारी." ही नोंद वाचून कुठलाही डॉक्टर पित्ताशयाकडं वळेल. पित्ताच्या खड्याची कळ अर्ध्या तासापासून काही तास सलग टिकते, मुरड्यासारखी येत-जात नाही. उपाशीपोटी किंवा रात्री दोनच्या सुमाराला दुखणं आणि काही खाल्ल्यावर उतरणं हे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या अल्सरसारखं. बेंबीच्या वर खोल दुखणं, थेट पाठीत जाणं, आडवं झाल्यावर वाढणं आणि पुढं वाकून बसल्यावर हलकं होणं, हे स्वादुपिंडासारखं. शौचाला झाल्यावर सुटणारं दुखणं आतड्याचं. जिना चढताना, पाण्याची कळशी उचलताना बेंबीच्या वर दुखून थांबल्यावर जात असेल, तर पहिल्यांदा ईसीजी. हृदयाचं दुखणं पोटात जाणवतं आणि ते ऍसिडिटी म्हणून खपून जातं.

आईला "दुखतंय का?" असं विचारू नका. उत्तर "नाही रे" असंच येणार. "काल रात्री किती वेळा उठलीस?", "भाकरी एक खातेस की अर्धी?", "बांगड्या सैल झाल्यात का गं?" असं विचारा. वजन मात्र काट्यावरच करा, महिन्यातून दोनदा, त्याच काट्यावर. सहा महिने ते वर्षभरात प्रयत्न न करता ५ टक्के वजन उतरलं, म्हणजे ६० किलोच्या बाईचं ३ किलो, तर तो शोध घेण्याचा विषय आहे.

आणखी एक गोष्ट घरीच पाहता येते. दुखणारी जागा आई एका बोटानं दाखवते की तळहात फिरवून? एका बोटानं दाखवत असेल, तर तिला उताणं झोपवा. त्या जागी बोट ठेवून हलकं दाबून ठेवा. मग हात छातीवर घडी घालून डोकं आणि खांदे उशीवरून उचलायला सांगा. पोटाचे स्नायू ताठ होतात आणि आतले अवयव त्यांच्यामागं जातात. दुखणं तेवढंच राहिलं किंवा वाढलं, तर ते पोटाच्या भिंतीतलं असण्याचा संभव जास्त: अडकलेली नस, जुन्या ऑपरेशनच्या टाक्यांची जागा, छोटा हर्निया. कमी झालं तर आतलं. कार्नेट या अमेरिकन सर्जननं १९२६ साली ही खूण लिहून ठेवली, फुकटची आहे, आणि तरी फार वापरली जात नाही. भिंतीतलं दुखणं असेल, तर त्या जागी भूल देणारं इंजेक्शन दिल्यावर ते काही मिनिटांत उतरतं आणि निदानही तिथंच होतं. अंगावर टाके ताजे असतील किंवा दुखणं तीव्र असेल, तेव्हा हा प्रयोग करायचा नाही.

यानंतर रक्त: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी किंवा ईएसआर (शरीरातली सूज), लिव्हरच्या तपासण्या, क्रिएटिनिन (किडनीसाठी), कॅल्शियम, साखर, लायपेज (स्वादुपिंडासाठी) आणि साधी लघवी. हे गावाजवळच्या लॅबमध्ये होतं. ते आणि वही घेऊन पोटविकारतज्ज्ञांकडं जा. साठीनंतर नव्यानं सुरू झालेल्या आणि चार महिने टिकलेल्या दुखण्याला दुर्बिणीची तपासणी आणि गरज वाटल्यास कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलं जाणारं, स्कॅनमध्ये उठून दिसणारं औषध) देऊन सीटी स्कॅन लागतो. मुतखड्यासाठी करतात तो प्लेन सीटी यासाठी पुरेसा नाही, त्यात स्वादुपिंड आणि आतड्याची भिंत नीट उमटत नाही. कॉन्ट्रास्टआधी क्रिएटिनिन पाहतात, म्हणून तो रिपोर्ट सोबत ठेवा. आईला याच वर्षी मधुमेह निघाला असेल आणि वजनही उतरत असेल, तर ही गोष्ट डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. त्या जोडीत स्वादुपिंडाचा सीटी पुढं ढकलायचा नसतो.

प्रश्न: आईचे गुडघे दुखतात म्हणून ती मेडिकलमधून गोळी आणून घेते. पोटात जळजळ होते म्हणून रोज सकाळी गॅसची गोळी, तीन वर्षं झाली. तरी बेंबीच्या वर दुखतंच. एच. पायलोरीची (अल्सर करणाऱ्या जठरातल्या जंतूची) तपासणी केली, ती निगेटिव्ह आली. आता? (इचलकरंजी)

उत्तर: गुडघ्याच्या गोळीचं पाकीट उलटं करून बारीक अक्षरातली औषधांची नावं वाचा. एसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रॉक्सेन यांपैकी काही असेल, तर जठराच्या अस्तराला इजा करणारं औषध रोज आत जातंय आणि ती इजा लपवणारं औषधही रोज जातंय. अनेक पाकिटांवर "पॅरासिटामॉल" मोठ्या अक्षरात आणि त्याच्या शेजारी एसिक्लोफेनॅक असतं. लोक ती साधी तापाची गोळी समजतात. जेवणानंतर घेतली म्हणून किंवा गोळीऐवजी इंजेक्शन घेतलं म्हणून धोका जात नाही, कारण औषध रक्तातून जठरापर्यंत पोचतंच. शिवाय वयस्कर माणसात या गोळ्यांचा अल्सर दुखतोच असं नाही. काहींना पहिलं लक्षण म्हणून थेट काळी शौच होते. सोबत रक्त पातळ ठेवायची ऍस्पिरिन चालू असेल तर धोका आणखी वाढतो. (ऍस्पिरिन स्वतःहून बंद करू नका, विशेषतः हृदयात स्टेंट असेल तर.)

गुडघ्यासाठी नुसती पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दिवसाला एकूण ३ ग्रॅमच्या आत, लावायचं जेल आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, इथून सुरुवात करता येते. लिव्हरचा आजार असेल तर हा आकडाही डॉक्टरांनीच ठरवायचा.

आता ती निगेटिव्ह तपासणी. पँटोप्राझोल, राबेप्राझोल, ओमेप्राझोल यांसारखी गोळी चालू असताना एच. पायलोरीचे जंतू दबून राहतात, आणि श्वासाची किंवा शौचाची तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. तपासणीआधी ही गोळी २ आठवडे आणि अँटिबायोटिक ४ आठवडे बंद हवी. मधल्या काळात जळजळीला साधं पातळ अँटासिड चालतं. पूर्वी अल्सरमधून रक्त गेलं असेल तर गोळी बंद करण्याआधी डॉक्टरांना विचाराच. पॉझिटिव्ह आल्यावर चार-पाच औषधांचा कोर्स सहसा १४ दिवसांचा असतो. तोंड कडवट होतं, पोट बिघडतं, आणि आठव्या दिवशी लोक तो सोडतात. सोडलेला कोर्स जंतूला पटाईत करतो. कोर्स संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी पुन्हा तपासायचं, तेही तेच पथ्य पाळून.

तिखटाला दोष देण्यात आपल्या कित्येक पिढ्या गेल्या. या जंतूचा अल्सरशी संबंध दाखवणारे ऑस्ट्रेलियाचे बॅरी मार्शल यांनी १९८४ साली तो स्वतःच पिऊन पाहिला होता. २००५ मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. तुमच्या आईच्या ठेच्यावर लगेच बंदी आणू नका. तीन वर्षं गोळी खाऊनही दुखणं राहिलं, म्हणजे पुढची पायरी तोंडातून दुर्बीण. ती सहसा पाच-दहा मिनिटांची असते. ६ ते ८ तास उपाशी राहायचं, घशाला बधिर करणारा फवारा मारतात, आणि बधिरपणा उतरेपर्यंत, म्हणजे साधारण तासभर, पाणीही द्यायचं नाही. नाहीतर ते श्वासनलिकेत जातं.

प्रश्न: बाबा ७३ वर्षांचे, कोल्हापूरला एकटे राहतात. पोटात मंद दुखतं, थकवा आहे, हिमोग्लोबिन ९.४ आलं. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. शौच काळी होते म्हणतात. डॉक्टरांनी खालून दुर्बीण सांगितली, तर "या वयात मला ऑपरेशन नको" म्हणून अडून बसलेत. फोनवरून किती समजावणार? (मस्कत)

उत्तर: आधी शौचाचं. लोहाच्या गोळीनं शौच काळपट-हिरवी होते, पण नेहमीसारखी बांधलेली असते. वरच्या भागातून रक्त गेलं, तर ती डांबरासारखी चकचकीत, चिकट असते. भांड्याला लागून राहते, पाणी ओतलं तरी सुटत नाही, आणि तिचा उग्र वास एकदा आला की विसरत नाही. बाबांना हेच शब्द वापरून विचारा: "चिकटते का? पाण्यानं जाते का?" चिकट असेल, किंवा उभं राहताना चक्कर, छातीत धडधड असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय.

लोह सुरू केलं हे ठीक, पण पुरुषाला या वयात लोह कमी का पडलं, हा प्रश्न गोळीनं सुटत नाही. आहार कारण असू शकतो, पण तो शेवटी मानायचा. आधी आतड्यातून थेंबथेंब रक्त जात नाही ना, हे बघायचं. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूची गाठ अशीच वागते: शौचात लाल रक्त दिसत नाही, पोट मंद दुखतं, आणि माणूस फिका पडत जातो. म्हणून वरून आणि खालून दोन्ही दुर्बिणी करतात. त्या एकाच दिवशी, एकाच झोपेच्या इंजेक्शनात होऊ शकतात. बाबांना "ऑपरेशन नाही, चिरा नाही, टाके नाहीत, बहुतेक वेळा संध्याकाळी घरी" हे तुमच्याऐवजी डॉक्टरांनी पाच मिनिटं समोर बसवून सांगितलं, तर फरक पडेल. आणि भीती नेमकी कशाची आहे, ते त्यांना विचारा. कित्येकदा ती दुर्बिणीची नसते, कॅन्सर निघेल याची असते. कधी कपडे काढण्याची लाज असते.

तपासणी सोपी आहे, तयारी अवघड आहे, आणि फसतं तेही तयारीतच. लोहाची गोळी आठवडाभर आधी बंद करायची, कारण ती आतड्याच्या भिंतीला काळा लेप देते. आदल्या दोन दिवसांत भाकरी, पालेभाज्या, पेरू, टोमॅटो, तीळ, मोड आलेली कडधान्यं नकोत. मऊ भात, ताक, सोललेला बटाटा, गाळलेलं वरण चालतं. आदल्या दिवशी डॉक्टर सांगतील त्या वेळेपासून फक्त पातळ: नारळपाणी, लिंबू सरबत, गाळलेलं सूप. लाल काहीही नको. कोकम सरबत किंवा बीटाचा रस आत रक्तासारखा दिसतो.

पोट साफ करायची पावडर मिळते, ती पाकिटावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात विरघळवायची, बहुधा २ लिटर. दर १५ मिनिटांनी २५० मिलिलिटरचा एक ग्लास, म्हणजे आठ ग्लास दोन तासांत. थंड केली की चव जरा सुसह्य होते. शक्य असेल तर निम्मी आदल्या रात्री आणि निम्मी पहाटे, तपासणीच्या साधारण ५ तास आधी. अशानं आतडं जास्त स्वच्छ होतं. शेवटची शौच लघवीसारखी पिवळसर, पारदर्शक व्हायला हवी. गढूळ असेल तर तपासणी अर्धवट राहते आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

त्या रात्री कुणीतरी घरात राहायला हवं. एवढ्या वयाचा माणूस अंधारात दहा वेळा संडासकडं धावतो आणि पडतो. वाटेत दिवा, पायपुसणी उचललेली, कमोडची खुर्ची पलंगाजवळ. किडनी किंवा हृदय कमजोर असेल, तर कुठली पावडर चालेल ते आधी विचारा. शुगरच्या गोळ्या नेहमीप्रमाणे घेतल्या आणि जेवण नाही, तर साखर उतरते. त्या दिवसाचा डोस लिहून घ्या. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल, तर ती काही दिवस आधीच थांबवावी लागते, हे डॉक्टरांच्या कानावर घाला. रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा निर्णय हृदयाच्या डॉक्टरांचा.

मस्कतहून तुम्हाला करता येईल ते असं: तपासणीच्या दिवशी डॉक्टरांशी दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल ठरवून घ्या, आणि रिपोर्टच्या फोटोंसोबत, सीटी झाला तर त्याची सीडी आणि बायोप्सी (तपासायला घेतलेला तुकडा) झाली तर तिचा रिपोर्ट जपून ठेवायला सांगा. दुसरं मत घ्यायचं झालं, तर त्यांचाच उपयोग होतो. बाबा सत्तरीपुढचे आहेत, तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असलं तरी, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात येतात. ते भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. बाह्यरुग्ण विभागातल्या तपासण्यांचा खर्च त्यात धरू नका.

प्रश्न: सासूबाई ६१ वर्षांच्या. दोन महिने पोट फुगल्यासारखं वाटतं, ओटीपोटात दुखतं, दोन घास खाल्ले की पोट भरतं. सारखी लघवीला जातात. घरचे म्हणतात, वय झालं, गॅस होतो. (म्हापसा)

उत्तर: पाळी गेल्यानंतर नव्यानं सुरू झालेला "गॅस" हा शब्दच आम्हाला धोक्याचा वाटतो. फुगणं, लवकर पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, लघवीची घाई, यांतलं काही महिन्यातून बाराहून जास्त दिवस होत असेल, तर बीजांडकोश तपासायला हवेत. चेहरा आणि दंड बारीक होताहेत आणि परकराची नाडी मात्र पूर्वीच्या जागी बसत नाही, असं आहे का ते पाहा. तसं असेल तर पोटात पाणी साठत असू शकतं. स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी, योनीमार्गातून सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्तचाचणी, याच आठवड्यात. सगळं ठीक निघण्याची शक्यता भरपूर आहे. पण इथं दोन महिने आधीच गेलेत.

प्रश्न: वडील जेवायलाच घाबरतात. जेवलं की अर्ध्या तासात बेंबीभोवती दुखतं, दोन तासांनी थांबतं. सात किलो वजन गेलं. दुर्बिणी दोन्ही नॉर्मल. पूर्वी विडी ओढायचे, बायपास झालेली आहे. (सोलापूर)

उत्तर: आतड्याला रक्त नेणाऱ्या धमन्या अरुंद झाल्या, तर असंच होतं. जेवल्यावर आतड्याला जास्त रक्त लागतं, ते पोचत नाही आणि आतडं कळवळतं. चालताना हृदयाचं होतं तसंच. दुर्बिणीत हे दिसत नाही. पोटाच्या धमन्यांची सीटी अँजिओग्राफी हवी, आणि ती लवकर हवी. धमनी फुगा घालून, स्टेंट बसवून उघडता येते. तोवर थोडंथोडं पाच-सहा वेळा खायला द्या. मानसिक आहे म्हणून सोडून देऊ नका. जेवणाची ही भीती दुखण्यानं शिकवलेली आहे.

प्रश्न: पॅकेजमध्ये सगळे ट्यूमर मार्कर (कॅन्सरच्या शंकेसाठीच्या रक्तचाचण्या) स्वस्तात मिळतात. आईबाबांचे करून टाकू का? (ठाणे)

उत्तर: नको. सीए १९-९ कावीळ आणि पित्ताच्या खड्यातही वाढतं, सीईए विडी-सिगारेटनं वाढतं, आणि कॅन्सर असूनही दोन्ही नॉर्मल येऊ शकतात. वाढलेलं आलं तर घर सहा महिने हादरतं, नॉर्मल आलं तर खोटा धीर मिळतो. डॉक्टरांनी विशिष्ट शंकेनं मागवलं तरच करा.

प्रश्न: आईला (५४) उजव्या बाजूला खाली दुखतं, संध्याकाळी कणकण, पोटात गोळा फिरतो आणि गुडगुड होऊन विरतो. आतड्याचा टीबी असेल म्हणतात, पण छातीचा एक्स-रे साफ आहे. (नांदेड)

उत्तर: छाती साफ असूनही आतड्याचा टीबी असतो, त्यामुळं एक्स-रेवर निकाल लावू नका. लहान आणि मोठं आतडं जिथं मिळतं तिथं तो बसतो, जागा अरुंद करतो, आणि अडलेलं अन्न पुढं सरकलं की तो गोळा विरतो. क्रोन्स नावाचा आजार अगदी असाच दिसतो, पण त्यावरचे उपचार टीबीला घातक ठरू शकतात. म्हणून अंदाजानं औषध सुरू करण्यापेक्षा दुर्बिणीतून तुकडा घ्यायला हवा. इथं एक बारीक गोष्ट हमखास चुकते: सगळे तुकडे फॉर्मलिन या टिकवण्याच्या द्रवात टाकले जातात. फॉर्मलिन जंतू मारतं, मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहणं, होत नाही. काही तुकडे सलाईनमध्ये वेगळ्या बाटलीत, सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी चाचणी) आणि कल्चरसाठी पाठवा, असं तपासणीच्या आधीच सांगून ठेवा. टीबी निघाला तर औषधं साधारण ६ महिने, सरकारी केंद्रात मोफत, आणि निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात. उपचार चालू असताना उलट्या होऊन शौच आणि गॅस दोन्ही बंद झाले, तर आतडं अडलंय असं समजून लगेच न्या.

प्रश्न: वडील सांधेदुखीसाठी एका माणसाकडून भस्माच्या पुड्या घेतात. पोटात कळा येतात, चार-चार दिवस शौच नाही, रक्तही कमी झालंय. सीटी, दुर्बीण सगळं नॉर्मल. (बुलढाणा)

उत्तर: पुडीवर नाव, घटक, बॅच काहीच नसेल, तर रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या. पोटात कळा, बद्धकोष्ठ आणि कमी हिमोग्लोबिन हे त्रिकूट शिशाच्या विषबाधेत भेटतं, आणि ते कुठल्याही स्कॅनमध्ये दिसत नाही. पुड्या आजच बंद, पण फेकू नका. डॉक्टरांना दाखवा, त्या तपासता येतात. अशा पुड्यांत कधीकधी स्टिरॉइडही मिसळलेलं सापडतं. म्हणून पुड्या बंद केल्यावर वडिलांना गळून गेल्यासारखं झालं, उलट्या झाल्या, रक्तदाब उतरला, तर तेही डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. कळा येताहेत म्हणून एरंडेल देऊ नका.

प्रश्न: रात्री अचानक दुखायला लागलं, तर सकाळपर्यंत थांबायचं की नाही, हे कसं ठरवायचं? (अनेक पत्रं)

उत्तर: पोट फळीसारखं ताठ झालं, रक्ताची उलटी झाली, उलट्यांसोबत गॅसही सरत नाही, दुखण्याबरोबर घाम-धाप किंवा जबड्यात-हातात दुखतंय, थंडी वाजून ताप आणि डोळे पिवळे झालेत, दुखणं पाठीत जाऊन भोवळ आली, कित्येक तास लघवी तुंबून ओटीपोट टरारलं, किंवा जांघेतला हर्निया कडक होऊन आत जात नाही, तर थांबायचं नाही. १०८ लावा.

दोन गोष्टी फसवतात. म्हाताऱ्या माणसाला, आणि स्टिरॉइड घेणाऱ्या कुणालाही, आत भोक पडलं तरी ताप येईलच किंवा पोट ताठ होईलच असं नाही. दुसरी गोष्ट: आई वेदनेनं तळमळतेय आणि पोट दाबलं तर मऊ लागतंय. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या माणसात हे आतड्याची धमनी अचानक बंद झाल्याचं लक्षण असू शकतं, आणि तिथं हिशेब तासांचा असतो. पोट मऊ आहे म्हणून धीर धरू नका.

कमरेपासून पोटापर्यंत एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होतेय आणि कातडीला साडी लागलेली सोसत नाही, तर ती नागीण असू शकते. पुरळ दोन-चार दिवसांनी उठतं. ही रात्रीची धावपळ नाही, पण पुरळ दिसल्यापासून ७२ तासांत औषध सुरू झालं तर उपयोग जास्त.

निघताना तोंडातून काहीही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. घरची दुखण्याची गोळीही नको. रुग्णालयात शिरेतून वेदनाशामक देतात आणि त्यानं निदान अडत नाही. सोबत चालू औषधांची पाकिटं पिशवीत घाला, नुसती नावं लिहून नेऊ नका. शेवटचं कधी आणि काय खाल्लं, कुठल्या औषधाची ऍलर्जी आहे, पूर्वी पोटाचं कुठलं ऑपरेशन झालं, हे एका चिठ्ठीवर लिहा. नसबंदी किंवा गर्भाशय काढल्याचं घरात कुणी ऑपरेशनमध्ये मोजत नाही. पण जुन्या टाक्यांच्या आत आतडी चिकटून अडू शकतात, म्हणून तेही लिहा.